पुण्याच्या संघाची अकरा कार्डं

मी देहूहून बोलतेय. आजचा माझा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी हसतील. विषय आहे क्रिकेटच्या खेळाडूंची कार्डं. पोरं जमवतात ना, गुळगुळीत पुठ्ठ्याची, पत्त्याएवढी? तीच. पण ज्यांच्या घरात दहा ते पंधरा वर्षांचं पोर आहे आणि हातात मोबाईल आहे, त्यांनी हसून झाल्यावर थोडं ऐका. कारण या कार्डांपायी आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी चाकणच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू जिथून निघतात, तसलं मोठं गोदाम. पहाटे कंपनीची बस देहूच्या फाट्यावर येते, आणि मग दिवसभर मी पॅकिंगच्या टेबलापाशी उभी. वस्तू उचलायची, स्कॅन करायची, खोक्यात घालायची, टेप मारायची, पुढं ढकलायची. ताशी किती खोकी भरायची त्याचं टार्गेट असतं. आमचे हे एका कारखान्यात मशीनवर आहेत, त्यांच्या शिफ्ट बदलत्या. घरी सासूबाई आणि सातवीतला मुलगा. म्हणजे दुपारी दारावर पार्सल आलं, तर ते घ्यायला घरात ही दोघंच.

एके दिवशी मी कामावरून आले, चपला काढतेय तोच सासूबाई म्हणाल्या, "तुझं पार्सल आलं होतं गं. पैसे दिले मी, साडेतीनशे."

मी म्हटलं, "आत्या, मी काहीच मागवलं नाही."

"अगं, मागच्या वेळेसारखंच तर होतं."

मागच्या वेळेसारखं! विचारत गेले तर कळलं, ही चौथी खेप. माझाच मोबाईल, माझ्याच नावावर ऑर्डर, पैसे पार्सल हातात पडल्यावर द्यायचे. पोरानं आजीला सांगितलं होतं, शाळेच्या प्रकल्पाचं सामान आहे, मम्मीला माहीत आहे. आणि आजीनं पैसे कुठून दिले? तर वारीसाठी साठवलेल्या पैशांतून. सासूबाई दरवर्षी पालखीबरोबर जातात. वर्षभर शंभर-पन्नास करून त्या एका जुन्या पावडरच्या डब्यात पैसे टाकतात. त्यातले बाराशे चाळीस रुपये गेले होते. माझी अडीच दिवसांची हजेरी म्हणा.

पलंगाखालून बुटांचं खोकं काढलं. आत एकशेवीस कार्डं. माझं डोकंच फिरलं. सकाळी घंटागाडी येते, तिच्यात टाकते म्हणून खोकं उचलून दारात ठेवलं. पोरगं रडायला लागलं. तेव्हा सासूबाईंनी ते खोकं उचलून परत आत आणलं आणि एवढंच म्हणाल्या, "खोटं तो बोललाय. शिक्षा त्याला कर. चित्रांनी काय केलंय?"

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दोन दिवस मी गप्प होते, पोरगं गप्प होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "बाबा रे, यात आहे तरी काय?" आणि मग जे कळलं ते मी आज सांगणार आहे.

त्यानं खोक्यातून चौदा कार्डं वेगळी काढली. जांभळ्या कपड्यांतले खेळाडू. म्हणाला, "मम्मी, हा आपला संघ आहे. पुण्याचा. मला बाकीचे नकोच आहेत."

आता तुम्ही म्हणाल, आयपीएलमध्ये पुण्याचा संघ कुठं आहे? आज नाही, पण होता. एकदा नाही, दोनदा होता. पहिला पुणे वॉरियर्स, २०११ ते २०१३. दुसरा रायझिंग पुणे सुपरजायंट, २०१६ आणि २०१७ असे दोनच मोसम. चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षांची बंदी झाली, तेव्हा त्या रिकाम्या जागी पुणे आणि राजकोट असे दोन संघ घेतले होते. दोन वर्षांची मुदत संपली, चेन्नई-राजस्थान परत आले, आणि आपला पुण्याचा संघ गुंडाळला गेला. त्यांचं मैदान गहुंज्याचं. देहूरोडच्या पलीकडं, द्रुतगती महामार्गाला लागून. आमच्यापासून इतकं जवळ, की सामन्याच्या दिवशी गाड्यांची गर्दी आमच्याकडं जाणवायची. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, महाराष्ट्रात दुष्काळ होता. मैदानावर मारायच्या पाण्यावरून उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि मे महिन्यातले बहुतेक सामने राज्याबाहेर हलवले. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला खेळायला गेला. पाण्याच्या त्या उन्हाळ्यात सामना गेल्याचं मला तरी वाईट वाटलं नव्हतं. हंडा भरायला उभं राहणाऱ्या बाईला विचारा, ती तेच सांगेल.

दुसऱ्या वर्षी मात्र सामने गहुंज्याला झाले. १ मे २०१७, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. ह्यांच्या कंपनीतल्या एका साहेबांकडं दोन तिकिटं जास्तीची होती. हे चार वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन गेले. त्या संध्याकाळी गुजरातच्या संघाविरुद्ध सुरुवातीचे गडी पटापट बाद झाले आणि मग बेन स्टोक्स नावाच्या इंग्लंडच्या खेळाडूनं नाबाद १०३ धावा काढून सामना जिंकून दिला. पोरगं निम्म्या सामन्यात झोपलं होतं. पण बापाच्या खांद्यावरून पाहिलेले दिवे आणि तो आवाज त्याच्या डोक्यात बसलाय. त्याच महिन्यात २१ तारखेला हैदराबादला अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९ धावा, आपल्या १२८. एका धावेनं हरलो. आणि त्यानंतर तो संघ परत कधी खेळलाच नाही.

म्हणजे माझ्या पोराला जमवायचा होता तो नसलेला संघ. नवी कार्डं निघणार नाहीत. जी छापली गेली तेवढीच जगात. म्हणून तो ऑनलाइन जुन्या मोसमाची बंद पाकिटं शोधून मागवत होता, की त्यातून पुण्याचं एखादं कार्ड निघेल.

हे ऐकल्यावर माझा अर्धा राग गेला. कारण मीही जमवलेलंच आहे की. आठवतंय का तुम्हाला? काडेपेटीचे छाप, सिगारेटची रिकामी पाकिटं, बबलगमच्या कागदातली खेळाडूंची चित्रं. पत्त्यांसारखी कुस्तीवीरांची कार्डं असायची, उंची किती, वजन किती, लढती किती. मोठा आकडा ज्याचा, त्याचं कार्ड. आणि १९९९ सालच्या वर्ल्ड कपच्या वेळी ब्रिटानियाची 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' ही योजना. बिस्किटाच्या वेष्टणावर धावा छापलेल्या असायच्या. शंभर धावा जमल्या की त्यांच्या बदल्यात एक पुस्तिका मिळायची. मी आणि माझा भाऊ टपरीपुढं पडलेली वेष्टणं वेचायचो. आईनं दोघांना झोडपलं होतं. मग मी कोणत्या तोंडानं पोराला म्हणू, की हे कुठून शिकलास?

हा नाद तसा जुना आहे. अमेरिकेत सिगारेटची पाकिटं मऊ असायची, चुरगळू नयेत म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा पुठ्ठा कशाला वाया घालवायचा, म्हणून त्यावर चित्रं छापायला लागले. तिकडं बेसबॉल हा खेळ आपल्या क्रिकेटसारखा लाडका, तर बेसबॉलचे खेळाडू छापले. पुढं टॉप्स नावाच्या च्युइंगम कंपनीनं गमबरोबर कार्डं द्यायला सुरुवात केली. आपल्याकडं आयपीएलची 'क्रिकेट अ‍ॅटॅक्स' कार्डं काढली ती याच टॉप्सनं.

या टॉप्सची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५२ सालची त्यांची बेसबॉलची कार्डं खपली नाहीत, गोदामात पडून राहिली. शेवटी १९६० साली जागा अडतेय म्हणून ती बोटीत घालून समुद्रात बुडवली. कंपनीच्याच माणसानं पुढं ही हकीकत सांगितली. आणि त्याच १९५२ सालचं मिकी मँटल या खेळाडूचं एक जपलेलं कार्ड २०२२ साली लिलावात सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलं. आपले शंभर कोटी रुपये. एका पुठ्ठ्याला!

ही गोष्ट पोरानं मला डोळे मोठे करून सांगितली. मी म्हटलं, थांब, याच्या पुढची गोष्टही ऐक. त्या किमती पाहून तिकडच्या लोकांनी साधारण १९८५च्या पुढं कार्डं जपून ठेवायला सुरुवात केली. मुलांच्या शिक्षणाला कामी येतील म्हणून बापांनी खोकीच्या खोकी घेतली. कंपन्यांनीही मागणी बघून बेसुमार छापली. झालं काय? सगळ्यांनीच जपली, म्हणून कुणालाच दुर्मीळ राहिली नाहीत. त्या काळातली बहुतेक कार्डं आज रद्दीच्या भावात जातात. मँटलचं कार्ड महाग झालं, कारण लाखो आयांनी आपापल्या पोरांची कार्डं कचऱ्यात टाकली होती. तेव्हा कार्डं ही गुंतवणूक आहे असं पोर म्हणायला लागलं, तर त्याला ही गोष्ट सांगा. आवड म्हणून जमव. बँक म्हणून नको.

आता मुद्द्याचं बोलते. बंद पाकिटाचं गणित.

आमच्या शेजारी एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिनं आम्हाला एक खेळ शिकवला. तुम्हीही आज रात्री घरी करून बघा. एका स्टीलच्या डब्यात अकरा चिठ्ठ्या टाका, अकरा खेळाडूंच्या नावाच्या. न बघता एक चिठ्ठी काढा, नाव वहीत लिहा, चिठ्ठी परत डब्यात टाका, डबा हलवा, परत काढा. अकराच्या अकरा नावं यायला किती वेळा काढावी लागेल? पोरगं म्हणालं पंधरा. मी म्हटलं वीस. आम्ही करून बघितलं. एक्केचाळीस वेळा काढावी लागली! सासूबाई माळ ओढता ओढता मोजत होत्या. ती मुलगी म्हणाली, कधी कमी लागेल, कधी जास्त, पण पुष्कळदा केलं तर सरासरी तेहतीसच्या आसपास येते. सुरुवातीची नावं पटापट येतात. खरा वेळ शेवटच्या नावाला लागतो. एकच नाव उरलं की सरासरी अकरा वेळा चिठ्ठी काढावी लागते, फक्त त्या एकासाठी.

आणि हे झालं डब्यात एकाच संघाच्या चिठ्ठ्या असल्या तर. खऱ्या पाकिटात त्या मोसमाचे आठ संघ मिसळलेले. म्हणजे आठ कार्डांमागं साधारण एक पुण्याचं. तेहतीस गुणिले आठ करा. दोनशे चौसष्ट कार्डं! तीसुद्धा सगळी कार्डं सारख्या संख्येनं छापली असली तर. तशी छापत नाहीत. चमकदार, सोनेरी कार्डं मुद्दाम कमी छापतात, म्हणजे पोरं आणखी पाकिटं घेतील. एका संघाला अकराहून जास्त कार्डंही असतात. म्हणजे हिशेब आणखी वर जातो.

माझ्या पोराला एकशेवीस कार्डांत पुण्याची चौदा मिळाली होती. त्यातली निम्मी दुहेरी. खरी वेगळी सातच. बाराशे चाळीस रुपयांत सात कार्डं. एक पडलं एकशे सत्त्याहत्तरला.

त्या रात्री पोरानं स्वतःच वहीत हा भागाकार केला आणि बराच वेळ बघत बसला. मी काही बोलले नाही. मैत्रिणींनो, माझ्या रागावण्यानं जे झालं नसतं, ते त्या भागाकारानं झालं. म्हणून मी म्हणते, पोराला नुसतं "पैसे उडवतोस" म्हणू नका. त्याच्याबरोबर बसून हिशेब मांडा. बंद पाकीट म्हणजे चिठ्ठी काढणं आहे, सोडतच आहे एक प्रकारची. कार्ड जमवणं वेगळं आणि नशीब आजमावणं वेगळं. पोरांना यातला फरक कुणी सांगत नाही. तो आपण सांगायचा.

मग आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. त्या सांगते.

पहिली, बंद पाकीट घ्यायचं नाही. हवं ते कार्ड सुटं घ्यायचं. ऑनलाइन सुटी कार्डं विकणारे असतात. पुण्याचं साधं कार्ड आम्हाला वीस-तीस रुपयांना मिळालं. पण टपाल खर्च साठ! म्हणून दुसरी गोष्ट ठरवली, एकेक मागवायचं नाही. एकाच माणसाकडं आपल्या यादीतली तीन-चार असतील तर ती एकदम घ्यायची. तोवर थांबायचं. हे थांबणं पोराला फार जड गेलं सुरुवातीला. मोबाईलवर बोट ठेवलं की वस्तू दारात, याची सवय झालीय ना सगळ्यांना. त्या वस्तू भरणारी मीच आहे, त्यामुळं मला माहीत आहे, की ती घाई कुणाच्या पायांतून जाते.

तिसरी, अदलाबदल. खोक्यात मुंबई, बंगळुरू, कोलकात्याची शंभरावर कार्डं पडली होती. ती आमच्या पोराला नको, पण दुसऱ्याला हवीत. रविवारी सकाळी आमच्या आळीतली आणि विठ्ठलनगरकडची पोरं आमच्या ओट्यावर जमायला लागली. मुंबईची तीन द्या, पुण्याचं एक घ्या. भांडणंही झाली. पण एक पैसा न देता त्यानं दोन नवी कार्डं मिळवली. धोनीचं कार्ड त्याच ओट्यावर आलं. धोनी पुण्याकडून खेळलाय हेच निम्म्या पोरांना माहीत नव्हतं! चेन्नईच्या पिवळ्या कपड्यांऐवजी जांभळ्या कपड्यांतला धोनी बघून एकजण म्हणाला, हे खोटं आहे. मग ह्यांनी बसून सगळा इतिहास सांगितला. धोनी, रहाणे, अश्विन, स्मिथ, ड्यु प्लेसी कसे पुण्याकडं आले ते. आमचे हे एरवी घरात चार वाक्यं बोलत नाहीत. त्या दिवशी पोरं घेरून बसली होती त्यांना.

चौथी, वही. तारीख, कार्ड, कुणाकडून, किती रुपये, टपाल किती. आणि वहीच्या मागच्या पानावर आजीचं देणं, बाराशे चाळीस. खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला काहीतरी वजा करायचं. आजी म्हणत होत्या, "राहू दे गं, नातू आहे." मी म्हटलं, "आत्या, तुम्हीच म्हणालात ना, शिक्षा त्याला कर?" मग त्या हसल्या.

पाचवी, मोबाईल. हे सगळ्यांनी लक्ष देऊन ऐका. ऑर्डरचे ॲप उघडं ठेवू नका, त्याला कुलूप लावा. यूपीआयचा पिन पोराला सांगू नका, त्याच्यासमोर टाकूही नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा, की आमचा फोन आल्याशिवाय कुठल्याही पार्सलचे पैसे द्यायचे नाहीत. ऑर्डर न करता पैसे मागणारं खोटं पार्सलही दारात येऊ शकतं.

इतकं सगळं शहाणपण केलं आणि मग मीच फसले. तेही सांगते, कारण नाही सांगितलं तर हे बोलणं अर्धं राहील.

पोराच्या वाढदिवसाला त्याला स्टोक्सचं कार्ड द्यावं असं माझ्या मनात आलं. गहुंज्याच्या त्या रात्रीचा नायक तोच. दहा कार्डं झाली होती, अकरावं हेच राहिलं होतं. मी मोबाईलवर शोधत बसले. एका माणसानं फोटो पाठवला, म्हणाला एकच शिल्लक आहे, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, साडेचारशे रुपये लगेच पाठवा. मी पाठवले. दुकानाच्या ॲपवरून नाही, थेट त्याच्या खात्यावर. मी रोज शेकडो पार्सलं भरणारी बाई! आठ दिवसांनी पाकीट आलं. पोरानं कार्ड हातात घेतलं आणि एका क्षणात म्हणाला, "मम्मी, हे घरी छापलेलं आहे."

त्यानं मला दाखवलं. आपल्याकडच्या खऱ्या कार्डाशेजारी ठेवलं तर जाडी कमी. कडा कात्रीनं कापल्यासारख्या. मागची बारीक अक्षरं फुटलेली. ओलं बोट लावलं तर रंग सुटला. त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, पैसे परत देतो, मी पाठवतो तो कोड स्कॅन करून तुमचा पिन टाका. तिथं मात्र मी थांबले. मैत्रिणींनो, पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

साडेचारशे गेले ते गेले. पण त्यातून शिकले ते तुम्हाला सांगते. पैसे देताना ॲपमधूनच द्या, बाहेरून नाही. म्हणजे तक्रारीला जागा राहते. ई-वाणिज्याचे २०२० सालचे नियम आहेत. त्यांच्याप्रमाणं विक्रेत्याचं नाव, पत्ता, वस्तू परत करायची अट हे सगळं दिसलं पाहिजे. तक्रार केली तर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३०, आणि तो लगेच फिरवायचा, उद्यावर ठेवायचा नाही. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. जुनी वस्तू घेताना विकणाऱ्याला सांगा, आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी कार्डाशेजारी ठेवून पुढून-मागून फोटो पाठव. खरा माणूस पाठवतो, खोटा कारणं सांगतो. आणि पार्सल उघडताना घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. खोक्यावरचा पत्ता दिसू द्या, टेप कापताना दिसू द्या, वस्तू बाहेर येताना दिसू द्या. तक्रार करायची वेळ आलीच, तर तो व्हिडिओ तुमच्या बाजूनं बोलतो.

जाता जाता जपणुकीचं सांगते. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. इंद्रायणीच्या काठी कपाटातल्या कपड्यांना वास लागतो, तर पुठ्ठ्याचं काय? कार्डांना रबर लावू नका, कडा दबतात. चिकटपट्टी लावू नका, अल्बमला डिंकानं चिकटवू नका. प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटांत एकेक घाला, झाकणाच्या डब्यात उभी ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात दमट हवा शोषणारी छोटी पुडी येते, ती फेकायची नाही, डब्यात टाकायची. पण घरात रांगतं मूल असेल तर तिच्यापासून लांब ठेवा. मधूनमधून कार्डं काढून पंख्याखाली वारा द्या, उन्हात नको, रंग उडतो.

आता शेवट सांगते.

यंदा पालखी निघायच्या चार दिवस आधी पोरानं आजीच्या हातात शेवटचे चाळीस रुपये ठेवले आणि वहीतलं पान दाखवलं. बाराशे चाळीसमधून वजा होत होत खाली शून्य आलेलं. आजींनी पैसे पावडरच्या डब्यात टाकले आणि त्याला म्हणाल्या, "तुझा तो गोरा आला का रे? शेवटचा?"

म्हणाला, "नाही आजी. मिळेल कधीतरी."

"घाई नाही ना?"

"नाही."

स्टोक्सचं कार्ड आजूनही आमच्याकडं नाही. डब्यात दहा खरी कार्डं आहेत आणि अकराव्या जागी ते खोटं कार्ड त्यानं मुद्दाम ठेवलंय. मागं पेनानं लिहिलंय, 'मम्मी फसली, ४५० रुपये.' घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते आधी दाखवतो. मला राग येतो, पण वहीत लिहिलेला हिशेब खोटा कसा म्हणू?

तुमच्याही घरात पलंगाखाली एखादं खोकं असेल, तर ते घंटागाडीत टाकायच्या आधी एकदा उघडून बघा. पोराला विचारा, यातलं तुझं आवडतं कुठलं, आणि का? मग हिशेबाची वही काढा. दोन्ही करा. एकच करू नका.

आणि कुणाकडं पुण्याच्या जांभळ्या कपड्यांतला स्टोक्स असेल, तर सांगा बरं का. आमच्याकडं बदल्यात द्यायला मुंबईची पुष्कळ आहेत.